मागे राहिलेल्याचा हक्क

सरकारी नोकराच्या निधनानंतर त्याच्या घरी दरमहा जो पैसा येतो, तो सरकारचा उपकार की त्या घराची कमाई? हा प्रश्न या देशात कधीच सुटला, न्यायासनाने तो सोडविला आणि शासनाने तो निर्णय शिरोधार्य मानला, अशी आपली समजूत होती. ती समजूत भाबडी ठरण्याची चिन्हे आहेत. 24 जानेवारी 2025 रोजी केंद्रीय अर्थमंत्रालयाने नव्या एकत्रित निवृत्तिवेतन योजनेची, म्हणजे 'युनिफाइड पेन्शन स्कीम'ची, अधिसूचना प्रसिद्ध केली. 1 एप्रिल 2025 पासून ती अंमलात आली. पंचवीस वर्षे सेवा केलेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के, किमान दहा वर्षे सेवा झालेल्यास दरमहा निदान 10 हजार रुपये, आणि तो गेल्यावर त्याच्या जोडीदारास त्या रकमेच्या 60 टक्के, अशी तिची ठळक कलमे. सुमारे 23 लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांना तिचा लाभ होईल, असे शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये मोठ्या अभिमानाने सांगितले होते. वृत्तपत्रांतून त्या टक्केवारीची चर्चा पुष्कळ झाली. पण त्या 60 टक्क्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या कंसातल्या ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्या ओळीचा मथितार्थ असा: हा वाटा मिळेल तो कायदेशीर विवाहित जोडीदारासच, आणि जोडीदार म्हणजे निवृत्तीच्या दिवशी जो कायदेशीर जोडीदार होता तो. निवृत्तीनंतर जिच्याशी वा ज्याच्याशी विवाह झाला, त्याचे नाव या यादीत नाही.

या एका ओळीने काय घडते, ते वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. समजा, पोस्टातील एक कारकून आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची पत्नी वारली. साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला. मुले आपापल्या संसारात गुंतलेली. रिकाम्या घरात एकट्याने दिवस काढण्यापेक्षा बासष्टाव्या वर्षी त्याने एका विधवेशी रीतसर विवाह केला. पुढे तेरा वर्षे तिने त्याचे पथ्यपाणी पाहिले, औषधे दिली, अखेरच्या दुखण्यात रात्रीच्या रात्री उशाशी जागून काढल्या. तो गेला आणि त्याच दिवशी त्या घराचे उत्पन्न बंद झाले. तिच्या हाती काही नाही. आता याच कारकुनाने तोच विवाह निवृत्तीच्या आदल्या दिवशी केला असता आणि महिनाभरात तो निवर्तला असता, तर त्या एका महिन्याच्या पत्नीस हयातभर वेतन! तेरा वर्षांची सेवा शून्य आणि एका दिवसाची तारीख सर्वस्व, हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

जुना इतिहास नवा करावा लागतो

शासनाच्या स्मरणशक्तीस थोडी जाग आणावी, म्हणून हा इतिहास सांगणे प्राप्त आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी नोकराच्या कुटुंबास निवृत्तिवेतन देण्याची पहिली योजना 1950 ची. ती अपुरी होती. विधवेस जन्मभर आधार देण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. 1 जानेवारी 1964 पासून अधिक उदार योजना आली. पण तीही फुकट नव्हती. नोकराने आपल्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम सोडून द्यावी, तेव्हा त्याच्या मागे राहणारीस वेतन मिळावयाचे. 22 सप्टेंबर 1977 रोजी ती अट उठली. अट उठली खरी, पण 1964 पूर्वी जे निवृत्त झाले त्यांच्या विधवा तशाच उघड्यावर राहिल्या. तुमचा नवरा चुकीच्या वर्षी निवृत्त झाला, एवढाच काय तो तुमचा अपराध, असे जणू शासन त्यांना सांगत होते. त्या वृद्ध स्त्रियांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि 1985 साली पूनामल खटल्यात न्यायालयाने त्यांच्या पदरात न्याय टाकला.

त्यापूर्वीच दोन पायऱ्या बांधल्या गेल्या होत्या. 1971 साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात न्यायालयाने सांगितले की, निवृत्तिवेतन ही मर्जीने फेकलेली खैरात नव्हे, तो हक्क आहे. 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्याचा सुप्रसिद्ध निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे त्या घटनापीठाचे प्रमुख होते. 31 मार्च 1979 ही एक तारीख धरून शासनाने निवृत्तांचे दोन वर्ग पाडले होते, एकास वाढीव दर आणि दुसऱ्यास जुना. न्यायालयाने ती भिंत पाडली. एकाच वर्गातील माणसांत केवळ दिनदर्शिकेच्या पानावरून भेद करणे घटनेच्या चौदाव्या कलमास मान्य नाही, हे सूत्र त्या दिवशी प्रस्थापित झाले.

आणि आपल्या आजच्या प्रश्नाचे थेट उत्तर 1989 सालीच मिळून चुकले आहे. केंद्रीय नागरी सेवेच्या 1972 च्या निवृत्तिवेतन नियमांत 'कुटुंब' या शब्दाची जी व्याख्या होती, तीत निवृत्तीनंतर विवाह झालेली पत्नी बसत नव्हती, निवृत्तीनंतर जन्मलेले अपत्यही बसत नव्हते. भगवंती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती व्याख्या मोडीत काढली. निवृत्तिवेतन हे पूर्वी केलेल्या सेवेच्या पोटी मिळते. मग विवाह निवृत्तीच्या आधी झाला की नंतर, याचा त्या सेवेशी संबंध काय, असा साधा विचार त्या निकालामागे आहे. तेव्हापासून निवृत्तीनंतरचा विवाह हा जुन्या नियमांखाली अडसर राहिलेला नाही.

म्हणजे 1989 साली जे दार न्यायालयाने उघडले, तेच 2025 साली अर्थमंत्रालयाने कंसातल्या एका ओळीने लोटून घेतले. याला आम्ही प्रगती म्हणावयाचे काय?

पैशाचा नव्हे, माणसांचा हिशेब

शासनाचे समर्थक म्हणतील, ही वेगळी योजना आहे. जुन्या नियमांचे निकाल तिला लागू पडत नाहीत. नवी योजना आखताना मर्यादा घालण्याचा अधिकार शासनास आहे. हा युक्तिवाद वकिली थाटाचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही काटेकोर दिले पाहिजे.

जुन्या योजनेत नोकराच्या वेतनातून निवृत्तिवेतनासाठी एक पैही कापली जात नव्हती. तरीही न्यायालय म्हणाले, हा हक्क आहे. नव्या योजनेत नोकर आपल्या मूळ वेतनाचे व महागाईभत्त्याचे 10 टक्के दरमहा भरतो. शासन स्वतःचे 10 टक्के घालते आणि सामायिक निधीसाठी आणखी सुमारे साडेआठ टक्के. म्हणजे जेथे नोकराने दिडकीही भरली नव्हती, तेथे त्याच्या उत्तरकाळातील पत्नीचा हक्क मान्य. आणि जेथे तो तीस-तीस वर्षे घासातला घास काढून देतो, तेथे तिचा हक्क अमान्य! वर्गणी वाढली आणि हक्क आटला, हे गणित कोणत्या पाठशाळेत शिकवतात?

रकमेचाही हिशेब पाहा. निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या निम्मे आणि त्याच्या 60 टक्के जोडीदारास, म्हणजे वेतनाच्या 30 टक्के. जुन्या नियमांतही कुटुंब निवृत्तिवेतनाचा सामान्य दर हाच, वेतनाच्या 30 टक्के. जुन्या नियमांत निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सात वर्षे, किंवा मृत व्यक्तीच्या वयाची सदुसष्ट वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळे, तो भाग वेगळा. सामान्य दर तोच राहिला. मग बदलले काय? बदलली ती माणसे. जुन्या नियमांत जोडीदारामागे मुले येतात. अविवाहित, विधवा व घटस्फोटित कन्या येतात. ज्यास स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही, अशा विकलांग अपत्यास आयुष्यभर वेतन मिळते. कोणीच नसेल तर अवलंबून असलेले आईबाप येतात. जानेवारीच्या त्या अधिसूचनेत निवृत्तीनंतरच्या मृत्यूपायी मिळणारा कुटुंबाचा वाटा मात्र एकट्या जोडीदारापाशी येऊन थांबतो. आईबाप दोघेही गेल्यावर अंथरुणास खिळलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न तिने विचारलेलाच नाही.

सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंबास जुन्या नियमांचा आश्रय घेण्याची मुभा शासनाने ठेवली आहे, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. ती मुभा योग्यच आहे. पण तिच्यातून निघणारा अर्थ शासनास पेलवेल काय? नोकर खुर्चीवर बसल्या जागी गेला तर कुटुंबाची व्याख्या व्यापक. तोच निवृत्त होऊन घरी गेला तर कुटुंब आक्रसते. तीस वर्षे सेवा पुरी करण्याची ही शिक्षा म्हणावयाची की काय?

तारखांचे कुंपण

तारखेने माणसे वाटण्याचा हा रोग नवा नाही. 1 जानेवारी 2004 पासून सैन्यदले वगळता केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. जमलेल्या निधीतील किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी, आणि जोडीदारास पुढे काय मिळेल ते त्याने निवडलेल्या वार्षिकीच्या प्रकारावर ठरावे, अशी तिची रीत. राज्यांनी मग आपापले मुहूर्त काढले. आंध्र प्रदेशाने 1 सप्टेंबर 2004, मध्य प्रदेशाने 1 जानेवारी 2005, गुजरातने 1 एप्रिल 2005, गोव्याने 5 ऑगस्ट 2005, महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005, कर्नाटकाने 1 एप्रिल 2006.

आपल्या वाचकांची घराणी या साऱ्या प्रांतांतून पसरलेली आहेत. म्हणून या तारखांचा चमत्कार त्यांना अधिक लवकर उमगेल. एका आईच्या दोन मुलांपैकी थोरला जानेवारी 2006 मध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्या जाहिरातीवरून लागला आणि धाकटा त्याच महिन्यात बेळगावच्या सरकारी शाळेत लागला. पाटी तीच, खडू तोच, पाढेही तेच. पण धाकट्याच्या पत्नीचा उत्तरकाळ नियमाने बांधलेला, आणि थोरल्याच्या पत्नीचा बाजारभावाच्या चढउतारावर टांगलेला! बडोद्याचा चुलतभाऊ मार्च 2005 मध्ये लागला म्हणून सुरक्षित, आणि इंदूरचा मावसभाऊ त्याच महिन्यात लागला म्हणून असुरक्षित! मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातील लक्षावधी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, ते काही केवळ स्वतःच्या म्हातारपणाच्या काळजीने नव्हे. आपल्यामागे घरचा दिवा कोणाच्या तेलावर जळणार, ही चिंता त्या संपाच्या मुळाशी होती.

तारीख हलवता येत नाही असेही नाही. 3 मार्च 2023 च्या आदेशाने केंद्रानेच, 22 डिसेंबर 2003 पूर्वी जाहिरात निघालेल्या जागांवर नंतर नेमल्या गेलेल्यांना जुन्या योजनेत येण्याची संधी दिली. न्यायालयात एकामागून एक दावे हरल्यावर तारीख सरकली. शासनाची इच्छा असली की कुंपण हलते. नसली की ते वज्रलेप होते.

पत्नी कोण, हे कोणी ठरवावे?

तारखेचे कुंपण ओलांडले की पुराव्याची खिंड लागते. मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला, नामनिर्देशन, संयुक्त छायाचित्र, संयुक्त बँक खाते. कागद पुढे आला की मग माणूस दिसतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी देवळाच्या ओवरीत ज्यांचे लग्न लागले, त्यांच्यापाशी अक्षतांच्या आठवणी आहेत, निबंधकाचा शिक्का नाही. गोव्यात विवाहनोंदणी नागरी निबंधकापुढे दोन टप्प्यांत होते. पहिल्या सहीने समाधान मानून दुसरी सही राहून गेलेल्या जोडप्यास आपण कायद्याने विवाहितच नाही, हे कळते ते बहुधा अशाच एखाद्या दुःखाच्या प्रसंगी.

याहून बिकट स्थिती दुसऱ्या पत्नीची. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने पहिला विवाह विद्यमान असता केलेला दुसरा विवाह शून्य ठरविला, आणि ते योग्यच केले. 2000 सालच्या रामेश्वरी देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहातील मुलांना वाटा दिला, दुसऱ्या स्त्रीस दिला नाही. पहिल्या पत्नीचा हक्क अबाधित राहिलाच पाहिजे, यात आम्हास तिळमात्र शंका नाही. पण ज्या स्त्रीस फसवून बोहल्यावर उभे केले गेले, तिच्या फसवणुकीचे प्रायश्चित्त तिनेच घ्यावे, हे मात्र मनास पटत नाही.

या बाबतीत 2023 सालच्या एका निकालाने आशेची फट उघडली. कर्नाटकातील एका सुभेदाराचा पहिला विवाह 1990 साली घटस्फोटाने संपला. दुसऱ्या स्त्रीबरोबरचे त्याचे सहजीवन त्याआधीपासून होते आणि 2001 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत ते चालू राहिले. तिला निवृत्तिवेतन नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, घटस्फोटानंतरची सुमारे अकरा वर्षे ते दोघे पतिपत्नी म्हणून एकत्र राहिले, यावरून विवाहाचे अनुमान काढले आणि तिचा हक्क मान्य केला. दीर्घ सहजीवन हाच पुरावा, हे तत्त्व न्यायालयाने वापरले. पण वाचकहो, सुभेदार वारल्यापासून तो न्याय हाती येईपर्यंत बावीस वर्षे लोटली. बावीस वर्षांनी मिळालेली भाकरी कोणाची भूक भागविते?

शासनाने चांगले पाऊल टाकले तेथे ते मान्य करावयास आमची लेखणी अडखळत नाही. 1 जानेवारी 2024 रोजी केंद्राने आदेश काढला की, जिची घटस्फोटाची कारवाई प्रलंबित आहे, किंवा जिने पतीविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराची वा हुंडाछळाची तक्रार केली आहे, अशा कर्मचारी स्त्रीस पतीऐवजी प्रथम आपल्या मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे, अशी विनंती नोंदविता येईल. अपत्यहीन विधवेने पुनर्विवाह केला तरी, तिचे इतर उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनाहून कमी असेल तर, तिचे वेतन चालू राहते, हेही नियमांत आहे. नात्याचे खरे स्वरूप पाहून नियम लवचिक करता येतो, याचेच हे पुरावे आहेत. मग निवृत्तीनंतरच्या पत्नीपुरतीच ही दृष्टी अधू का व्हावी?

परदेशचा आरसा

हा तिढा केवळ आपल्याच देशी नाही. ब्रिटनमध्ये 2004 साली नागरी सहचरांचा, म्हणजे सिव्हिल पार्टनरशिपचा, कायदा झाला आणि डिसेंबर 2005 पासून समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनास कायद्याची नोंद मिळू लागली. पण पुढच्या समता कायद्यात एक पळवाट होती: 5 डिसेंबर 2005 पूर्वीच्या सेवेपोटी सहचरास वाटा न देण्याची निवृत्तिवेतन निधींना मुभा. एका कंपनीत 1980 पासून 2003 पर्यंत काम केलेल्या वॉकर नावाच्या गृहस्थांनी त्यास आव्हान दिले. त्यांच्या मागे पत्नी राहिली असती तर तिला वर्षाला सुमारे 45 हजार पौंड मिळाले असते; पती राहिला म्हणून जेमतेम हजार पौंड! 12 जुलै 2017 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा भेद बेकायदा ठरविला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रूस्टर खटल्याचा निकाल लागला. उत्तर आयर्लंडमधील सार्वजनिक वाहतूकसेवेतील एक कर्मचारी दहा वर्षे एका स्त्रीबरोबर राहत होता. लग्न ठरले आणि दोनच दिवसांत तो गेला. नामनिर्देशनाचा अर्ज भरलेला नव्हता, म्हणून तिला वेतन नाकारले गेले. न्यायालयाने म्हटले, सहजीवनाचा पुरावा स्पष्ट असताना केवळ अर्जाच्या अभावी हक्क नाकारणे हा अन्याय होय. आणि 2020 साली चाक उलट दिशेनेही फिरले: स्त्री-शिक्षिकांच्या विधुर पतींना कमी वेतन मिळते, ही तक्रार न्यायाधिकरणापुढे टिकली, आणि शासनास सार्वजनिक सेवांतील नियम बदलण्याचे जाहीर करावे लागले. मिळवता तो पुरुषच, ही जुनी समजूत स्त्रीच्या श्रमाची किंमत तिच्या मृत्यूनंतरही कमी करीत होती.

पण आपल्या कंसातल्या ओळीचे सख्खे भावंड सापडते ते आयर्लंडमध्ये. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या निवृत्तिवेतन नियमांत अशी अट होती की, वयाच्या साठीपूर्वी विवाह वा नागरी सहजीवन नोंदविले असेल तरच जोडीदारास वाटा. तेथील एका अध्यापकाची साठी 2006 साली उलटली. आयर्लंडमध्ये नागरी सहजीवनास मान्यता मिळाली 2011 च्या प्रारंभी. जे करावयास कायदाच परवानगी देत नव्हता, ते वेळेत केले नाही म्हणून त्याच्या सहचरास काही नाही! आणि 24 नोव्हेंबर 2016 रोजी युरोपच्या न्यायालयानेही त्यास न्याय दिला नाही. तारीख एकदा कायद्याच्या पोटात शिरली की न्यायासनाचेही हात कसे बांधते, याचे हे ढळढळीत उदाहरण आहे. आपण 1989 साली या खड्ड्यातून बाहेर पडलो होतो. आता डोळसपणे त्यातच पाय घालीत आहोत.

आपल्याकडे समलिंगी सहचरांची स्थिती तर अद्याप उंबरठ्याबाहेरचीच आहे. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने विवाहाचा वा नागरी सहजीवनाचा हक्क मान्य केला नाही. अल्पमतात राहिलेले सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, शासनाच्या समितीने ज्या हक्कांचा विचार करावा त्यांत कुटुंब निवृत्तिवेतनाचा उल्लेख स्पष्टपणे केला. 1982 साली पित्याने अध्यक्षस्थानी बसून निवृत्तांमधली भिंत पाडली, आणि एकेचाळीस वर्षांनी पुत्रास त्याच जातीच्या भिंतीकडे बोट दाखवावे लागले! पुढे मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2024 साली रेशनकार्ड व संयुक्त बँक खाते यांविषयी सूचनाही निघाल्या. शिधा एकत्र घ्यावा, खाते एकत्र काढावे, इथवर शासन आले. पण त्यांतील एकजण सरकारी सेवेत राहून वारला, तर दुसऱ्याचा निवृत्तिवेतनावर अधिकार नाही. कारण नियमांच्या लेखी तो 'कुटुंब'च नव्हे. या नात्याबद्दल कोणाचे मत काहीही असो. ज्याने इतरांइतकीच सेवा केली, इतरांइतकीच वर्गणी भरली, त्याच्या कष्टाचा उत्तरार्ध सरकारजमा का व्हावा, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप लबाडीचा. निवृत्तांशी अखेरच्या दिवसांत विवाह लावून वेतन लाटण्याचे प्रकार होतील, अशी भीती घातली जाते. लबाडी होईल, कोठे होत नाही? पण चोर पकडण्याचे काम अवघड म्हणून साऱ्या गावाची दारे बाहेरून कडी घालून बंद करावयाची नसतात. सहजीवनाचा किमान काळ ठरवा, चौकशी करा, खोटे ठरेल तेथे वसुली व शिक्षा करा. 1989 पासून जुन्या नियमांखाली निवृत्तीनंतरच्या विवाहास मान्यता आहे. तीमुळे सरकारी तिजोरी बुडाल्याचे आमच्या कानी आलेले नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा, आणि तो अधिक गंभीर. निवृत्तिवेतनाचा बोजा राज्यांच्या उत्पन्नास पेलत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बोजा कमी करण्याचे प्रामाणिक मार्ग दोनच: दर कमी करा किंवा वर्गणी वाढवा, आणि ते सर्वांना सारखे लागू करा. दर सगळ्यांचा कायम ठेवून, ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण अशा काही विधवांना, विकलांग मुलांना आणि म्हाताऱ्या आईबापांना यादीतून वगळणे, ही काटकसर नव्हे. दात कोरून पोट भरण्याचा हा प्रकार आहे. आणि कोरले जाणारे दात दुसऱ्याचे आहेत.

आमची मागणी

म्हणून आमची मागणी मोजक्या शब्दांत मांडतो. एक, एकत्रित योजनेतील 'निवृत्तीच्या दिवशी विवाहित' ही अट काढून टाकावी आणि भगवंती निकालाचे तत्त्व तीत शब्दशः उतरवावे. दोन, जोडीदारामागे विकलांग अपत्ये, अवलंबून असलेल्या कन्या आणि आईबाप यांचा क्रम जुन्या नियमांप्रमाणेच असावा. तीन, विवाहाचा दाखला नसेल तेथे दीर्घ सहजीवनाचा पुरावा कार्यालयानेच स्वीकारावा. त्यासाठी वृद्धांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवावयास लावू नये. चार, ज्यांच्या नात्यास कायद्याची नोंदच उपलब्ध नाही, अशा सहचरांना नामनिर्देशनाने हा वाटा मिळावा. पाच, ज्या राज्यांनी ही योजना स्वीकारली आहे वा जी स्वीकारतील, त्यांनी केंद्राच्या चुका जशाच्या तशा उतरवून घेऊ नयेत.

कर्मचारी संघटनांनाही आमचे एक सांगणे आहे. टक्केवारीच्या लढाईत तुम्ही कंसाकडे दुर्लक्ष केलेत. तुमच्या मोर्चात जे चालतात त्यांचा हक्क तुम्ही मागितलात. जे तुमच्या मागे घरी राहणार आहेत, त्यांना मोर्चा काढता येणार नाही. त्यांच्या वतीने आज बोलला नाहीत, तर उद्या बोलावयास तुम्ही असणार नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचे मर्म हेच आहे की, त्याचा हक्कदार जेव्हा तो मागावयास उभा राहतो, तेव्हा त्याचा साक्षीदार या जगात नसतो. ती साक्ष हयातीतच नोंदवून ठेवण्याचे काम संघटनांचे, विधिमंडळातील व संसदेतील प्रतिनिधींचे आणि आपणा सर्वांचे आहे.

शासनाने नोकराकडून तीस वर्षे घेतली. त्या तीस वर्षांच्या मागे एक घर उभे होते: डबा भरणारे, बदलीच्या गावी बिऱ्हाड हलविणारे, आजारपणात जागणारे. नोकर निवृत्त झाला म्हणजे ते घर निवृत्त होत नाही. त्या घरात उशिरा आलेले माणूसही घरचेच असते. त्यास परके ठरविणारी ओळ खोडावयास शासनास शाईचा एक थेंब पुरेल. आणि तो थेंब सांडेपर्यंत आपण स्वस्थ बसता कामा नये.